आठवी तार नुसती ‘घूंऽऽ’ का करते? सात-आठ तारांच्या गिटारला पिकअप निवडताना

जळगाव-धुळ्याकडं आता कोणाच्या खांद्यावर सात तारांची गिटार दिसली तर कोणी वळून बघत नाही, अधूनमधून आठ तारांचीपण दिसते, ऑनलाइन मागवली की चोपडा-शहाद्यापर्यंत खोकं घरपोच येतं. खोकं उघडल्यावर सुरुवातीला मजाच मजा, आणि मग सगळीकडं तोच एक प्रश्न फिरतो, "भो, खालची तार वाजवली का नुसतं घूंऽऽ होतं, सूर कळतच नाही, कोणता पिकअप टाकू?" (पिकअप म्हणजे तारांखालचा तो भाग, जो तारेची हालचाल विजेत बदलून अँपकडं पाठवतो.) या प्रश्नावर दहा जण दहा नावं सांगतात आणि शेवटी ज्याच्या जाहिरातीत ‘हाय आउटपुट’ सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिलंय तोच घेतला जातो.

माझं मत याच्या बरोबर उलटं आहे. तार जितकी खाली जाते तितका पिकअप कमी हॉट (म्हणजे कमी आउटपुटचा) आणि वरून मोकळा (म्हणजे वरचे सूर न दाबणारा) हवा, ताकदीच्या मागं लागलात तर चिखल वाढतो. का, ते पहिल्यापासून सांगतो.

किती खाली जातो आपण?

एक्सटेंडेड रेंज म्हणजे सहापेक्षा जास्त तारांची गिटार, जिचा सूर नेहमीच्या गिटारच्या खाली उतरतो. सुराची उंची हर्ट्झमध्ये मोजतात, तार एका सेकंदात किती वेळा हलते तो आकडा. साध्या गिटारची सगळ्यात जाड तार म्हणजे ई, ती ८२.४ हर्ट्झ. सातवी तार बी, ६१.७. आठवी एफ शार्प, ४६.२. आणि चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१.२. म्हणजे आठव्या तारेवर तुम्ही जवळजवळ बेसवाल्याच्या घरात घुसलेले असता, फक्त तिथं जाऊन तुम्हाला डिस्टॉर्शन (मुद्दाम फाडलेला, खरखरीत आवाज) लावून कॉर्ड (एकदम अनेक सूर) वाजवायचीय, जे बेसवाला सहसा करत नाही. सगळी भानगड इथून सुरू होते.

हे काही कालपरवाचं फॅड नाही बरं का. अमेरिकेत जॉर्ज व्हॅन एप्स हा जाझ गिटारवाला १९३० च्या दशकाच्या शेवटीच सात तारा वाजवत होता, त्याची सातवी तार ए ला लावलेली. रॉकमध्ये ही गोष्ट आली १९९० ला, आयबानेझ या गिटार कंपनीनं स्टीव्ह वाय या गिटारवाल्यासोबत युनिव्हर्स काढली तेव्हा, आणि तिच्यात डिमार्झिओ या पिकअप कंपनीचा ब्लेझ नावाचा पिकअप होता जो सात तारांसाठीच केलेला. आठ तारांची आयबानेझ दुकानात यायला २००७ उजाडलं, आणि त्याला कारण स्वीडनचा मेशुगा हा बँड.

पिकअप म्हणजे शेवटी वाइंडिंगच

आपल्याकडं केळी-कपाशीच्या पट्ट्यात मोटर रिवाइंडिंगचं दुकान नाही असं गाव शोधून सापडायचं नाही, त्यामुळं पिकअप समजायला खानदेशातल्या माणसाला खरं तर सोपं जातं. मोटरमध्ये तांब्याच्या वाइंडिंगला करंट दिला की शाफ्ट फिरतो. पिकअपमध्ये तेच उलटं चालतं, खाली लोहचुंबक, त्याच्याभोवती तांब्याची वाइंडिंग, वर पोलादाची तार. चुंबकामुळं तारेत थोडं चुंबकत्व येतं, तार हलली की वाइंडिंगमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वायरीत बारीकसा करंट तयार होतो. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं तेच, नवीन काही नाही. फक्त इथली वायर केसासारखी बारीक, ४२ गेज म्हणजे साधारण ०.०६ मिलिमीटर, आणि जुन्या पद्धतीच्या हंबकरमध्ये एकेका कॉइलवर असे साधारण ५००० टर्न, म्हणजे वेढे. (हंबकर म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, त्याच्याकडं पुढं येतो.)

आता कोणीही रिवाइंडिंगवाला सांगेल की टर्न वाढवले की व्होल्टेज वाढतं. बरोबर आहे, आउटपुट वाढतो. पण फुकट काही मिळत नाही, टर्न वाढले की कॉइलचा इंडक्टन्सपण वाढतो. इंडक्टन्स म्हणजे कॉइलची झटपट बदलांना अडवायची सवय, हळू हलणारा खालचा सूर ती आरामात जाऊ देते, पण भराभर हलणारा वरचा भाग अडवते. प्रत्येक पिकअपचा एक टोकाचा बिंदू असतो, केबल लावल्यावर तो साधारण २ ते ४ हजार हर्ट्झच्या आसपास पडतो, तिथपर्यंत आवाज उठून येतो आणि त्याच्या वर झपाट्यानं पडतो. टर्न वाढवत गेलात की हा बिंदू खाली सरकतो, आवाज जाड आणि बंद-बंद होतो.

एक गोष्ट इथं नीट लक्षात घ्या कारण जाहिराती ती गुलदस्त्यात ठेवतात. पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी न लागणारी साधी कॉइल स्वतः बेस फारसा कापतच नाही. खालचा भाग बहुतेक सगळ्यांचा सारखाच येतो, फरक पडतो तो वरचा किती मोकळा सुटतो यात आणि एकूण आवाज किती जोरात पुढं जातो यात. ‘टाइट बेस’ असं लिहिलेलं असतं ना खोक्यावर, पॅसिव्हमध्ये त्याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो.

चिखल होतो कुठं

कोणतीही तार वाजली की एकच सूर येत नाही. ४६ वर मूळ सूर, मग ९२, १३९, १८५ असे त्याच्या पटीतले सूर वर वर चढत जातात, त्यांना हार्मोनिक म्हणतात. आता गंमत बघा, गिटार अँपमधला स्पीकर हा मूळ सूर नीट वाजवतच नाही. सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० हा मेटलवाल्यांचा लाडका स्पीकर, त्याची कंपनीनं दिलेली रेंज ७० ते ५००० हर्ट्झ आहे. ४६ त्याच्यात कुठंच बसत नाही. तुमच्या मोबाइलच्या स्पीकरमध्ये तर त्याहून नाही. तरी रील बघताना आठवी तार कळते ना? कारण आपला मेंदू वरचे हार्मोनिक ऐकून खालचा सूर स्वतःच धरतो, मूळ सूर हजर नसला तरी.

म्हणजे आठवी तार ऐकू येते ती तिच्या हार्मोनिकमुळं. ते दबले की राहतं फक्त घूंऽऽ.

आणि मग येतं डिस्टॉर्शन. डिस्टॉर्शनमध्ये दोन सूर एकत्र गेले की त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे नवे सूर तयार होतात, जे तुम्ही वाजवलेलेच नाहीत. खालच्या तारेवर पॉवर कॉर्ड (मूळ सूर आणि त्याचा पंचम) वाजवली की ही वजाबाकी अगदी तळाला जाते, एफ शार्प ४६ आणि त्याच्यावरचा सी शार्प ६९, फरक २३ हर्ट्झ. हे सगळं गिचमिड डिस्टॉर्शनच्या पोटातच तयार होतं, त्यामुळं नंतर अँपवरचा बेसचा नॉब कितीही मागं घ्या, उपयोग थोडाच होतो. जे करायचं ते डिस्टॉर्शनच्या आधी करायला लागतं, आणि डिस्टॉर्शनच्या आधी काय असतं तर पिकअप आणि एखादं पेडल. हॉट पिकअप नेमकं उलटं करतो, भरपूर खालचा आवाज जोरात ढकलतो आणि वरचे हार्मोनिक दाबतो.

"पण १६ किलो-ओहमचा पिकअप ८ वाल्यापेक्षा दुप्पट ताकदीचा ना?"

नाही. हा आकडा डीसी रेझिस्टन्सचा, म्हणजे वायर करंटला किती अडवते एवढाच. तो वायरीची लांबी आणि जाडी यावर ठरतो. तेवढेच टर्न बारीक वायरीत मारले की ओहम वाढले, ताकद वाढली नाही. रिवाइंडिंगवाल्याला विचारा, मोटरचा हॉर्सपॉवर मल्टिमीटर लावून ओहमवर ठरवतो का तो.

वर आपल्याकडचा उन्हाळा. तांब्याचा रेझिस्टन्स एका डिग्रीला जवळपास ०.४ टक्के वाढतो. २० डिग्रीला ८ किलो-ओहम दाखवणारा पिकअप मे महिन्यात भुसावळला ४५ डिग्रीच्या खोलीत मोजला तर ८.८ दाखवेल. त्याच्यात ना एक टर्न वाढला ना आवाज वाढला. त्यामुळं "माझा पिकअप लिहिल्यापेक्षा जास्त दाखवतो, डुप्लिकेट आहे का?" असं विचारायच्या आधी पंखा लावा.

एकाच कंपनीच्या, एकाच वायरीच्या दोन पिकअपची तुलना करायला हा आकडा थोडाफार कामाला येतो. कंपनीनं इंडक्टन्स दिला असेल तर तो बघा, हेन्रीमध्ये असतो, कमी आकडा म्हणजे वरून मोकळा. बऱ्याच कंपन्या देत नाहीत.

मॅग्नेटबद्दल थोडक्यात, कारण याच्यावर वाद फार आणि फरक त्या मानाने कमी. सिरॅमिकवाले सहसा कडक, पटकन उठणारे; अल्निको ५ (अ‍ॅल्युमिनियम-निकेल-कोबाल्टचा मॅग्नेट) वाले थोडे गोल, बोटांचा जोर जास्त ऐकणारे. सिमोर डंकन या पिकअप कंपनीकडं नाझगुल सिरॅमिक आहे आणि पेगासस अल्निको ५, दोन्ही सात-आठ तारांना मिळतात, व्हिडिओवर आलटून पालटून ऐका आणि कान ठरवेल ते घ्या. मला स्वतःला आठ तारांना पेगाससची जात बरी वाटते, एकेक सूर वेगळा राहतो.

अ‍ॅक्टिव्ह घेतला की प्रश्न मिटला?

अ‍ॅक्टिव्ह म्हणजे ज्याच्यात पिकअपच्या आतच एक छोटा प्रीअँप (सिग्नल वाढवणारं सर्किट) बसवलेला असतो आणि तो ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. ईएमजी याच्यातली जुनी कंपनी, त्यांचा ७०७ सात तारांना, ८०८ आठ तारांना. कल्पना हुशार आहे, टर्न कमी ठेवायचे म्हणजे वरचा भाग दबत नाही, आणि कमी पडलेला आउटपुट प्रीअँपनं भरून काढायचा. शिवाय प्रीअँपमध्ये बेसला हवा तसा आकार देता येतो, जे नुसत्या कॉइलला जमत नाही. म्हणून डिस्टॉर्शनमध्ये अ‍ॅक्टिव्ह आखूड, स्वच्छ लागतो. फिशमनचा फ्लुएन्स आणखी पुढं गेला, त्याच्यात वायर गुंडाळतच नाहीत, सर्किट बोर्डावर छापलेल्या कॉइलचे थर एकावर एक रचतात, आणि एका स्विचवर दोन वेगळे आवाज निघतात.

मग तक्रार काय? एक तर काही जणांना हा आवाज सपाट वाटतो, हळू मारा नाहीतर जोरात मारा, फार फरक जाणवत नाही, क्लीनमध्ये (डिस्टॉर्शनशिवाय) ते जास्त कळतं. ही आवडीची गोष्ट आहे, यात बरोबर-चूक काही नाही. दुसरं बॅटरी. केबल गिटारमध्ये खोचलेली राहिली की सर्किट चालू राहतं, रात्रभर तशीच ठेवली की बॅटरी उगाच जाते, आणि फ्लुएन्सला ईएमजीपेक्षा बॅटरी जास्त लागते. तिसरं, आणि हे कोणी सांगत नाही, पॅसिव्ह काढून अ‍ॅक्टिव्ह टाकायचा तर व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे नॉबखालचा फिरता रेझिस्टर, बदलावा लागतो. पॅसिव्हला ५०० किलो-ओहमचा पॉट असतो, ईएमजीसारख्या अ‍ॅक्टिव्हला २५ चा. जुनाच ठेवला तर व्हॉल्यूम नॉब स्विचसारखा वागतो, थोडा फिरवला की एकदम सगळं नाहीतर काहीच नाही. बॅटरीला आत जागा आहे का तेही आधीच बघा.

गॅरेजमध्ये फक्त मेटल वाजवणार असाल तर अ‍ॅक्टिव्ह घ्या आणि विषय संपवा. क्लीनपण वाजवता, बोटांनी वाजवता, तर मध्यम आउटपुटचा पॅसिव्ह.

आपल्या लाइटचं दुखणं

इंटरनेटवरचा बराचसा सल्ला अमेरिकेतून येतो आणि तिकडची लाइट ६० हर्ट्झची. म्हणजे तिकडं भिंतीतल्या वायरीची घरघर सातव्या तारेच्या बी च्या शेजारी पडते. आपली लाइट ५० हर्ट्झची. आठव्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर बोट ठेवा, तो जी सूर आहे ४९ हर्ट्झचा. बरोबर त्याच्या मांडीला मांडी लावून ही घरघर बसलेली असते, आणि वर १००, १५० ला तिची पिल्लं. ईक्यूनं (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करणाऱ्या कंट्रोलनं) घरघर कापायला गेलात की सूर पण कापला जातो. नॉइज गेट थांबल्यावर आवाज बंद करतो पण वाजवताना त्याला घरघर आणि सूर वेगळे कळत नाहीत.

म्हणून खालच्या तारांना सिंगल कॉइल नकोच, हंबकर. सेथ लव्हरनं गिब्सनमध्ये १९५५ ला काढलेली युक्ती, दोन कॉइल उलट-सुलट गुंडाळायच्या आणि त्यांचे मॅग्नेटपण उलटे ठेवायचे, तारेचा आवाज दोघींत जुळतो आणि बाहेरून आलेली घरघर एकमेकींत कटते. हंबकर लावूनही आवाज येत असेल तर पिकअपला शिव्या देऊ नका, आधी घरातलं अर्थिंग बघा. कित्येक घरांत तीन पिनचा सॉकेट असतो आणि तिसऱ्या भोकात वायरच नसते. हे फक्त आवाजाचं नाही, शॉकचं पण आहे, वायरमन बोलवा. लाइट गेल्यावर स्वस्त इन्व्हर्टरवर वाजवलं की बझ वाढतो त्याचं कारण वेगळं, इन्व्हर्टर नीट साइन वेव्ह (गुळगुळीत लाट) देत नाही, त्याच्यात वरच्या पटीतला कचरा भरपूर असतो. गिटारच्या आतल्या खोबणीला तांब्याची फॉइल टेप लावली आणि ती ग्राउंडला जोडली तर बराच फरक पडतो, खर्च थोडा.

माप चुकलं की सगळं गेलं

आवाजाचं एवढं ठरवून लोक फसतात ते मापात. सात-आठ तारांच्या पिकअपचे दोन साचे आहेत. एक पॅसिव्ह साइझ, उघड्या दोन बॉबिनवाला. दुसरा सोपबार, म्हणजे बंद चौकोनी डबी, ईएमजी ७०७-८०८ त्याच मापाचे. सोपबारच्या खड्ड्यात पॅसिव्ह साइझचा टाकला तर बाजूला फट राहते, उलटं केलं तर जातच नाही, लाकूड कोरावं लागतं, आणि गिटार कोरायला सुताराकडं न्यायची हिंमत माझ्यात तरी नाही. सोपबार मापात पॅसिव्ह पिकअपपण मिळतात, विकत घेताना तेवढं शोधा. स्केल घेऊन गिटारचा खड्डा मोजा, फोटोवर जाऊ नका.

मल्टिस्केलवाल्यांना आणखी एक बघावं लागतं. मल्टिस्केल म्हणजे ज्याचे फ्रेट पंख्यासारखे तिरके असतात, जाड तारेची लांबी जास्त आणि बारीकची कमी. लांबी वाढली की त्याच सुराला ताण वाढतो, २५.५ इंचाच्या जागी २७ इंच केली तर तीच तार साधारण १२ टक्के जास्त ताणलेली राहते, म्हणून ती लुळी पडत नाही. पण यात पिकअपपण तिरका बसतो आणि साध्या पिकअपचे गोल खिळे म्हणजे पोलपीस तारांच्या खाली येईनासे होतात. अशा वेळी रेल किंवा ब्लेडवाला घ्या, ज्याच्यात खिळ्यांच्या जागी सलग पट्टी असते, तार कुठूनही गेली तरी चालते. ईएमजीच्या बंद डबीतपण आत पट्टीच असते.

"सगळं सॉफ्टवेअरमध्ये होतं, पिकअपला कशाला पैसे?"

अर्धं खरं आहे. लॅपटॉपमध्ये अँप सिम्युलेटर लावून बसणाऱ्याला डिस्टॉर्शनच्या आधी ईक्यू टाकता येतो, खालचं कापता येतं, मधलं उचलता येतं, आणि त्यानं कित्येकांचा पिकअप बदलायचा खर्च वाचतो. पण जे हार्मोनिक पिकअपनं दाबले ते वाढवायला गेलात तर बरोबर घरघर आणि हिस्स पण वाढतो. आणि तालमीच्या खोलीत, गणपतीच्या स्टेजवर तुमच्यापाशी गिटार, एक पेडल आणि कोणाचातरी अँप एवढंच असतं.

पैसे काढायच्या आधी

फॅक्टरीतून आलेल्या आठ तारांच्या गिटारवर बऱ्याचदा ०.०७४ इंचाच्या आसपासची तार असते, तुम्ही ई पर्यंत उतरवत असाल तर ०.०८० च्या आसपासची टाकून बघा, आणि तार जुनी असेल तर आधी नवी टाका, मेलेल्या तारेत हार्मोनिकच राहत नाहीत, पिकअप काय करणार. मग पिकअपची उंची. जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि तार ते पिकअप अंतर मोजा, २ ते ३ मिलिमीटरपासून सुरुवात करा आणि जाड तारांची बाजू अर्धा-अर्धा मिलिमीटर खाली उतरवत ऐका. फार जवळ असला की मॅग्नेट तारेला ओढतो आणि सूर डगमगतो. हे फक्त एका स्क्रूड्रायव्हरचं काम आहे आणि अर्ध्या लोकांचा चिखल इथंच कमी होतो.

तरी नाही झालं तर पिकअप विकत घ्यायच्या आधी पेडल घ्या असं मी सांगेन. आयबानेझचा ट्यूब स्क्रीमर किंवा त्याची कोणतीही स्वस्त नक्कल, ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर, लेव्हल वर. त्याच्या सर्किटमध्येच ७२० हर्ट्झच्या खालचा भाग हळूहळू कमी होत जातो, म्हणजे जे काम आपल्याला डिस्टॉर्शनच्या आधी हवं होतं तेच तो करतो. मेटलवाले एवढी वर्षं हे हिरवं खोकं उगाच पायाखाली ठेवत नाहीत.

एवढं करून पिकअप बदलायचा ठरलाच तर ब्रिजकडचा आधी बदला, नेकचा नंतर बघू. बेस गिटारचा पिकअप लावायचं कोणी सुचवलं तर आधी माप बघा, सोपबारच्या खड्ड्यात काही बसतात, बाकीचे बसत नाहीत. सोल्डरिंग गावातला टीव्ही-मोबाइल दुरुस्तीवालासुद्धा व्यवस्थित करेल, फक्त त्याला वायरींचे रंग लिहून द्या, कारण प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. सिमोर डंकनमध्ये काळी वायर हॉट (इथं हॉट म्हणजे सिग्नलची), लाल-पांढरी एकमेकींना जोडायच्या, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, काळी-पांढरी एकत्र, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. एक पिकअप याचा आणि एक त्याचा असेल आणि दोन्ही एकदम चालू केल्यावर आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा येत असेल तर दोघं आउट ऑफ फेज आहेत, म्हणजे एकमेकांचा आवाज कापतायत, एकाची हॉट आणि ग्राउंडची रंगीत वायर अदलाबदल करून घ्या, उघडी वायर मात्र ग्राउंडलाच राहू द्या.